बेचाळीस अक्षरं

एका ओळीत बेचाळीस अक्षरं, ओळी दोन,
पडद्यावर मुक्काम फार तर सहा सेकंद.
वेलांटी मोजायची की नाही, यावरून
माझं आणि संगणकाचं रोजचं भांडण.

नळस्टॉपच्या मागे, झेरॉक्सवाल्याच्या माडीवर
मी एका सिनेमाचं मराठी करतेय.
होम्सहून निघालेली रीम, मुलगा, सासरा
जर्मनीतल्या एका गावी उतरतात.
गावाला नदी आहे, बिस्किटांचा कारखाना आहे,
इमारतीच्या तळघरात सामाईक धुण्याचं यंत्र,
वर वारांचा तक्ता. हिच्या वाट्याला गुरुवार.

पहिला शब्दच अडला.
निर्वासित लिहिलं, तर दारात बेलिफ दिसतो.
शरणार्थी म्हटलं की हात आपोआप जोडले जातात,
आणि ही बाई तर सबंध सिनेमाभर
एकदाही हात जोडत नाही.
विस्थापित हा धरणाच्या फायलीतला,
त्याला टाचणीचा गंज लागलाय.
जागा मोकळी ठेवली, पिवळी खूण केली, पुढे गेले.

बोली तपासायला शनिवारी अम्मार येतो, कोंढव्याहून.
तो येमेनचा, ताइझचा. सिनेमातली भाषा सीरियाची.
'बरंचसं कळतं, बाकी अंदाजपंचे,' म्हणतो,
आणि हे मराठी त्याला मेसच्या मावशींनी दिलंय.
तीन वर्षांच्या पदवीला आला होता.
पदवी हातात आली तेव्हा
उतरायला विमानतळ उरला नव्हता.
आता नववं वर्ष, सातवी खोली,
दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवा एजंट,
पोलिसांकडे नवा कागद, जुनाच फोटो.

नगरपालिकेतली बाई रीमला विचारते.
मी लिहिते: तुम्ही मूळच्या कुठल्या?
'मूळच्या म्हणजे?'
मूळ. झाडाचं असतं ते.
'हे तुम्ही लोक बसमध्ये विचारता मला!'
सगळ्यांनाच विचारतो रे. बसमध्ये, लग्नात, दवाखान्यात.
मीसुद्धा सांगते, मूळचे कराडकडचे.
कराडला आमचं आता कोणी नाही. सातबाराही नाही.

पुढचा प्रश्न: घरचा पत्ता?
रीम अकरा सेकंद काही बोलत नाही.
मला मिनिटावर पैसे मिळतात,
तिच्या गप्प बसण्याचेही.

मग सासरा डॉक्टरपुढे.
म्हणतो, रात्री छातीवर कोणीतरी येऊन बसतं.
आठ वर्षांचा नातू जर्मनमध्ये सांगतो,
आजोबांना झोप नीट लागत नाही.
दोन्ही वाक्यं लिहिली. दोन्ही बेचाळीसात बसली.
माझ्या धंद्यातलं सगळं येतं त्या पोराला.
अम्मार म्हणाला, मागे घे.
पुन्हा पाहिलं. पुन्हा मागे घे म्हणाला.
मग खिडकीकडे बघत,
'आईशी फोनवर मी हेच करतो.
आणि आमची तर भाषाही एकच आहे.'

खालून झेरॉक्सचा उजेड
जिन्यात येत होता, जात होता.

शेवटाकडे वरच्या मजल्यावरची म्हातारी घंटी वाजवते,
वर्षभर जिने रीमच्या नमस्काराला मान हलवली नाही ती.
पाहुणे येणारेत, चादरी धुवायच्यात:
तुमचा गुरुवार मला द्याल का?
रीम दार पूर्ण उघडते.
मी लिहिलं: या ना आत. चपला राहू द्या.
अम्मार म्हणाला, ती चपला म्हणतच नाहीये.
माहितेय. राहू दे.

आणि त्या मोकळ्या जागेच्या शेजारीच
तिचं वाक्य येतं, मुलाला उद्देशून.
मी लिहिलं: झालं आपलं बिऱ्हाड.
खांबेटे म्हणाले, जुनाट वाटतं हो,
सरळ 'घर' लिहा, दोन अक्षरांत काम होतं.
अम्मारने विचारलं, बिऱ्हाड म्हणजे?
मी म्हटलं, गादी, भांडी, माणसं, चहाचं गाळणं,
उचलून दुसरीकडे मांडता येतं ते.
तो हसला. 'मग ये एकदा बघायला.
सातव्यांदा मांडलंय. गॅस अजून आला नाही.'

सहाला त्याचा एजंट येणार होता, गेला.
सोमवारी फाईल द्यायचीय.
पिवळी खूण तशीच आहे.